मंत्रचळ

गेल्या श्रावणांत एका स्नेह्यांच्या घरीं मंगळागौरीच्या निमित्तानें जाण्याचा योग आला. पूजा आटोपली, पानें मांडलीं, तरी घरची धाकटी सून कांहीं दिसेना. चौकशी करतां वहिनी कौतुकानें म्हणाल्या, "भावोजी, ती अजून न्हाणीघरांत आहे. आमची सून सोवळ्याची फार कडक, हो!" तासाभरानें ती बाहेर आली आणि प्रसादाची वाटी तिनें आमच्यापुढें केली. मनगटापर्यंत कातडी पांढरी पडलेली, पेरांना भेगा पडलेल्या, आणि एका भेगेंतून रक्त येत होतें. वहिनींचें कौतुक आणि ते हात यांचा मेळ आम्हांला घालतां येईना. म्हणून या महिन्याचें पान याच विषयासाठीं राखलें आहे.

आपल्या भाषेंत या अवस्थेला एक जुना शब्द आहे : मंत्रचळ. आपण तो थट्टेनें वापरतों. कुलूप दोनदां ओढून पाहणाऱ्यालाहि आपण मंत्रचळ्या म्हणून मोकळे होतों. परंतु डॉक्टर ज्याला 'ओसीडी' म्हणतात, तो विकार थट्टेवारी नेण्याजोगा नव्हे. शंभरांतील सुमारें दोघांना आयुष्यांत केव्हां ना केव्हां तो गांठतो. बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर, आणि कित्येक स्त्रियांना गर्भारपणांत किंवा बाळंतपणानंतर. फ्रान्समधील वैद्यांनीं एकोणिसाव्या शतकांत त्याला 'संशयाचें वेड' असें नांव दिलें होतें, आणि १८७५ सालीं लग्रां द्यु सोल यांनीं त्या नांवाचा ग्रंथहि लिहिला. नांव मार्मिक आहे; पण यांत बुद्धिभ्रंश नसतो. हात स्वच्छ आहेत हें रोग्याच्या बुद्धीला बहुधा कळत असतें. मनाला मात्र तें पटत नाहीं.

या विकाराची घडण अशी आहे. नको असलेला विचार मनांत शिरतो : हाताला कांहीं लागलें असेल, शेगडी सुरू राहिली असेल. जीव घाबरा होतो. मग हात धुवावा, शेगडी पाहावी. क्षणभर बरें वाटतें. ही क्षणभराची स्वस्थताच घात करते. 'धुतलें म्हणून निभावलें' असा धडा मन त्यांतून घेतें, आणि पुढच्या वेळीं संशय अधिक जोरानें उठतो. येथेंच सोवळें आणि विकार यांतील भेद दिसतो. सोवळ्याला मर्यादा असते. स्नान झालें, सोवळें नेसलें, कीं मनुष्य निश्चिंत मनानें पूजेला बसतो. मंत्रचळाला 'आतां झालें' हा शब्दच ठाऊक नसतो. अशा सुनेची वाखाणणी करणें म्हणजे तिच्या दुखण्यावर पांघरूण घालणें होय.

याचा आणखी एक प्रकार आहे. त्याची वाच्यता रोगी सहसा करीत नाहीं. देवापुढें बसतांच मनांत अभद्र शब्द येतात; विळीवर भाजी चिरतांना पोटच्या पोराला इजा करण्याचा विचार चमकून जातो. ती माउली शहारते, विळी लपवून ठेवते, बाळाला जवळ घेण्यासहि भिते. १९७८ सालीं रॅकमन व डी सिल्व्हा या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, असले विचार निरोगी माणसांपैकीं बहुतेकांच्या मनांतहि येऊन जातात. मंत्रचळांत ते चिकटून बसतात, इतकेंच. विचार आपल्या स्वभावाच्या अगदीं विरुद्ध असतो म्हणूनच तो इतका छळतो. अशा आईला पापिणी समजूं नये, आणि बाळ तिच्यापासून हिरावूनहि घेऊं नये. तिला तज्ज्ञाकडे मात्र अवश्य न्यावें.

आतां आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमच्या आत्याबाई रोज रात्रीं विचारीत, "दाराची कडी लागली का रे?" आम्ही म्हणूं, "लागली." पांच मिनिटांनीं पुन्हां तोच प्रश्न. वडील उठून कडी दाखवीत, काकू देवाची शपथ घेत, आजी अंगारा लावी, आणि आम्ही मुलें तोंड लपवून हंसत असूं. एकत्र कुटुंबांत एक थकला कीं उत्तर द्यावयाला दुसरा हजर! आम्हांला वाटे, आपण आत्याबाईंची सेवा करीत आहों. वस्तुतः आम्ही सर्व मिळून रोज त्या विकाराला जेवूं घालीत होतों. आत्याबाई गेल्या तोंपर्यंत त्यांच्या दुखण्याला घरांत कोणीं नांवहि दिलें नव्हतें. ही खंत आमच्या मनांतून जात नाहीं.

उपचार नाहींत असें नाहीं. १९६६ सालीं व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानें लंडनहून अशा दोन रुग्णांच्या उपचारांची हकीकत प्रसिद्ध केली. ज्याची भीति वाटते त्याला हात लावावयाचा, आणि मग हात धुवावयाचे नाहींत, हें त्या पद्धतीचें सूत्र. भीति चढते, आणि न धुतांहि हळूहळू उतरते. हा अनुभव मनाला जुना धडा विसरावयास लावतो. हें जाणत्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं, रोग्याच्या संमतीनें, पायरीपायरीनें करावयाचें असतें. जोडीला फ्लुओक्सेटीन, फ्लुव्होक्झामीन, क्लोमिप्रामीन यांसारखीं औषधें आहेत. त्यांचा पुरता गुण दिसण्यास दोन-अडीच महिने लागूं शकतात. म्हणून तीं अधीर होऊन मध्येंच सोडूं नयेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत या विकारासाठीं स्वतंत्र विभाग आहे. आपल्या गांवच्या मनोविकारतज्ज्ञाकडूनहि आरंभ करतां येतो.

हें सर्व आम्हीं वहिनींना सांगितलें तेव्हां प्रथम त्यांना राग आला. सुनेला मात्र पुढें उपचार सुरू झाले. दिवाळीनंतर वहिनी स्वतः आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात, तिनें विचारलें तरी 'हात स्वच्छ आहेत' असें म्हणूं नका. भावोजी, पोर रडत असतां मीं तोंड फिरवून बसूं का?" आम्ही म्हणालों, तोंड फिरवूं नका, तिच्याजवळ बसा. उत्तर देणें एकाएकीं, रागानें बंद करूं नये. तिच्याशींच बोलून अगोदर ठरवावें, आणि मग घरांतील थोरामोठ्यांपासून मुलांपर्यंत सर्वांनीं तेंच एक पाळावें. नाहींतर सासू गप्प आणि काका शपथ घेताहेत, असें व्हावयाचें. 'तुला भीति वाटते आहे, मी येथेंच आहें, उत्तर मात्र आपण द्यावयाचें नाहीं असें ठरलें आहे ना?' एवढें मायेनें म्हणावें. थट्टा करूं नये, आणि 'मनाचा निग्रह कर' असा उपदेशहि करूं नये.

परवां पुन्हां त्या घरीं जाणें झालें. ओटीवर दोघी सासूसुना मेथी निवडीत बसल्या होत्या. सुनेनें मध्येंच हात थांबविले आणि सासूकडे पाहिलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं सूप थोडें जवळ सरकविलें. कांहीं वेळानें सुनेनें पुढची जुडी उचलली. हातांवरच्या भेगा भरून येत होत्या.