नाताळचे ताट, एकादशीचा फराळ

मार्गशीर्षातल्या गुरुवारांची व्रते चालू असतात, दहीकाल्याच्या जत्रांनी गावोगावच्या रात्री जागत्या झालेल्या असतात आणि नवे भात झोडून, वाळवून कणगीत पडलेले असते, अशा भरल्या दिवसांत कणकवलीच्या बाजारपेठेत नाताळ फारसा गाजावाजा न करता प्रवेश करतो. हमरस्त्यावरच्या बेकरीच्या काचेआड केकांची रांग वाढते, दुकानांपुढे कागदी चांदण्या लोंबू लागतात, एवढाच काय तो त्याचा जाहीर डौल. त्याचे खरे वैभव पाहावयाचे असेल, तर ते पाहावे शेजारच्या ख्रिस्ती घरातून विणलेल्या रुमालाखाली झाकून येणाऱ्या ताटात. आणि खाण्याबरोबर विचार करण्याचीही ज्याला खोड आहे, त्याने ते ताट रिकामे करण्यापूर्वी त्यातील एकेका जिन्नसाची जबानी घ्यावी, अशी माझी शिफारस आहे.

सिंधुदुर्गचा धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा होऊन २००५ साली सावंतवाडीस त्याचे पीठ स्थापन झाले. परंतु येथील ख्रिस्ती स्वयंपाकघराचे पीठ त्याच्याही पूर्वीपासून गोमंतकाकडेच आहे. नाताळच्या ज्या गोडाधोडाला गोव्यात कुस्वार म्हणतात, त्यात नेवऱ्या असतात, काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर वळलेली कुलकुले असतात, हरभऱ्याची डाळ आणि खोबरे ह्यांची दोस असते, पेरूच्या गराची लालसर पेराद असते, आणि हात भरून येईपर्यंत ढवळून आटवलेले काळेभोर दोदोल असते. चतुर्थीला गणपतीपुढे जी नेवरी ठेवली जाते, तिची ही नाताळची नेवरी सख्खी बहीण आहे हे सांगण्यास साक्षीदार नकोत. दोदोलात तरी काय असते? तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि गूळ. म्हणजे आमच्या शिरवाळ्यांत जे असते तेच. गोव्यात त्याला माडाचा गूळ लागतो, एवढाच फेर. फोंडाघाट उतरून येणाऱ्या कोल्हापुरी गुळाच्या ढेपी कणकवलीत खाली होताना त्या कोणत्या देवाच्या नैवेद्याला जाणार आहेत, ह्याची चौकशी कोणी दुकानदार करीत नाही.

ह्या पंगतीतील मानकरी बिबिंक. अंड्यांचा बलक, नारळाचा दाट रस, मैदा आणि साखर ह्यांचे मिश्रण तुपावर एकेक थर ओतून, प्रत्येक थर वरच्या निखाऱ्यांच्या धगीवर भाजून घेऊन मगच दुसरा ओतावयाचा, अशी ही सहनशीलतेची परीक्षा आहे. तिकडे फिलिपिन्समध्ये डिसेंबरच्या १६ तारखेपासून २४ तारखेपर्यंत रोज पहाटे प्रार्थना असते, आणि ती आटोपून बाहेर पडणारा भाविक चर्चच्या दारातच तांदळाचे पीठ व नारळाचा रस केळीच्या पानावर ओतून, खाली विस्तव आणि वरही विस्तव ठेवून भाजलेली बिबिंका विकत घेतो. दोहोंच्या नावांतील साम्याचा निकाल पंडितांनी लावावा. मला त्या दुहेरी विस्तवाचे महत्त्व अधिक वाटते. कारण तवशाचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ एकत्र करून, पातेल्यात हळदीचे पान पसरून, झाकणावर निखारे रचून आमच्या आजीमंडळींनी जी तवसळी भाजली, ती नेमकी ह्याच रीतीने. जेथे माड वाकतो, भात पिकतो आणि घरोघरी भट्टी नसते, तेथे गृहिणीला सुचणारी ही युक्ती आहे. धर्माने ह्या पक्वान्नांना तिथी नेमून दिली. बाकीचा सारा कारभार जमिनीने पाहिला.

जेथे जमीनच कृपण, तेथे काय होते ते इंग्लंडात पाहावे. ऐन थंडीत त्या बेटावर गोड म्हणावे असे फारसे काही पिकत नाही, आणि तरीही तेथील नाताळचे पुडिंग मनुका, दालचिनी, लवंगा आणि जायफळ ह्यांनी गच्च भरलेले असते. हा माल गलबतांनी वाहून आणलेला. १९२७ साली साम्राज्याच्या मालाची जाहिरात करणाऱ्या सरकारी मंडळाने राजाच्या आचाऱ्याकडून ह्या पुडिंगची एक कृतीच मिळवून प्रसिद्ध केली, आणि तीत मनुका ऑस्ट्रेलियाच्या, लवंगा झांजीबारच्या, रम जमैकाची आणि दालचिनी हिंदुस्थानची किंवा सिलोनची, अशी प्रत्येक जिन्नसापुढे साम्राज्यातील मुलखाच्या नावाची नोंद होती. महसुलाच्या यादीप्रमाणे लिहिलेली दुसरी पाककृती माझ्या पाहण्यात नाही. ते साम्राज्य गेले. परंतु त्याच्या केकाची नक्कल आमच्या बेकरीत मागे राहिली आणि मनुका महाग म्हणून तिच्यात कच्च्या पपईची रंगीत टुटीफ्रुटी पडू लागली. गोव्याच्या स्वयंपाकिणीनेही मार्झिपानमधील बदामाला रजा देऊन काजू घातला. मात्र आज वेंगुर्ल्याच्या डोंगरउतारांची शोभा असलेला हा काजू, ती पपई आणि पेरादीतील तो पेरू, ही तिन्ही झाडे अमेरिका खंडातील. आपल्याकडे ती पोर्तुगीज आमदानीनंतर रुजली. उपरा पदार्थ देशी करण्यासाठी जे घातले, ते स्वतःच परदेशातून आलेले होते.

जमीन आणि गलबते ह्यांखेरीज ताटावर हुकूम चालतो तो मनाईचा. सणापूर्वीच्या उपासकाळात युरोपात मांसाप्रमाणेच लोणीही वर्ज्य होते, आणि त्यामुळे जर्मनीतील सॅक्सनीचा प्रसिद्ध श्टोलेन हा पाव तेलावर कसाबसा वेळ मारून नेत असे. तेथील राजघराण्याने रोमच्या दरबारी अर्ज केला आणि १४९१ साली पोप आठवा इनोसंट ह्यांनी लोणी वापरण्याची सनद दिली. इतरेजनांनी मात्र त्या मुभेबद्दल चर्चच्या बांधकामासाठी पट्टी भरावी, असे ठरले. पोलंडमध्ये २४ डिसेंबरच्या रात्री मांस चालत नाही, म्हणून बारा पदार्थांच्या त्या भोजनात मासळीचे राज्य असते, आणि अवचित येणाऱ्या अतिथीसाठी एक पान मांडून ठेवलेले असते. इथिओपियात ४३ दिवसांचा उपास करून ७ जानेवारीला कोंबडीच्या तिखटजाळ रश्श्यावर तो सोडतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळीबाजाराकडे पाठ फिरवून शुक्रवारी सकाळी तिकडेच लगबगीने निघणाऱ्या मालवणी गृहस्थाला ह्या तिन्ही देशांतील माणसांच्या मनाची अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. जपानात ख्रिस्ती मूठभर. पण केंटुकी फ्राईड चिकनने १९७४ साली नाताळची मोहीम काढली आणि तळलेली कोंबडी हाच तेथील सणाचा रिवाज होऊन बसला. पोपच्या सनदेचे काम तेथे जाहिरातीने केले.

इतक्यावर कोणी म्हणेल की, परधर्मीयांच्या ताटाची उलटतपासणी करणे सोपे आहे. म्हणून मी ह्याच पक्षातील एकादशीचा आपला फराळ तपासावयास घेतला. बटाट्याची भाजी, उकडलेले रताळे, शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि साबुदाण्याची खिचडी. बटाटा, रताळे, भुईमूग आणि मिरची ह्या चारही वस्तूंची जन्मभूमी अमेरिका. आज बाजारात मिळणारा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेचाच, आणि त्याचे कारखाने सेलमकडे उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ज्ञानेश्वर-नामदेवांनी ज्या एकादश्या केल्या, त्यांत ह्यातले काहीही असणे शक्य नव्हते. वरीचे तांदूळ वगळले, तर आपल्या सर्वांत सोवळ्या ताटातील बहुतेक प्रत्येक जिन्नस ख्रिस्ती दर्यावर्दींनी जुन्या जगात आणलेला आहे. आणि शेजारघरून आलेल्या दोदोलातील तांदूळ, नारळ व गूळ मात्र अस्सल ह्या मातीतले. कोणाचे ताट परके, ह्याचा निवाडा करावयास बसलेल्या न्यायाधीशाला आपलीच खुर्ची डगमगताना दिसेल.

मी तो निवाडा सोडून दिला आहे. माझ्यापुढील प्रश्न निराळा आणि अधिक निकडीचा आहे. 'रिकामा ताट माघारी धाडूचा नाय' हा आमच्या घरचा दंडक; आणि दिवाळीचा फराळ तर केव्हाच संपलेला. विचाराअंती असे ठरले की, गावच्या जत्रेतून आणलेले आल्याच्या चवीचे खाजे त्या ताटात घालावे. गोव्यात तर एकच खाजेवाला देवळाच्या जत्रेत आणि चर्चच्या फेस्ताला एकाच तराजूने तेच खाजे विकतो, आणि दोन्हीकडचे गिऱ्हाईक त्याच्याशी सारख्याच हिरिरीने भावात घासाघीस करते.