हात, पात, पाय

‘काना-मात्रांमुळे मराठीत शब्दखेळ बनवता येत नाहीत,’ हे आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं लाडकं रडगाणं साफ खोटं आहे. १८७७च्या नाताळात कंटाळलेल्या दोन मुलींनी कोडी मागितली, तेव्हा लुईस कॅरलने खेळ काढला: दर पायरीला एकच अक्षर बदलायचं. मराठीत हाताचा पाय दोन पायऱ्यांत होतो: हात, पात, पाय. मोजायला चुकतो तो आमचा कोड. युनिकोडमध्ये ‘क्षि’चे चार तुकडे पडतात, रत्नागिरीतलं शाळकरी पोर ते एकच अक्षर मोजतं. ज्यांचं मूळ गाव याच जिल्ह्यातलं सौंदळ, त्या मोरोपंतांनी तर ओठांना ओठ न लावता म्हणायचं रामायण रचलं. मग ॲपची वाट कशाला बघायची? कागद घ्या, घरातल्या पोराला आजच एक कोडं लिहून द्या.