शिकाऊ जागा : उपकार नव्हे, हक्क!

सावंगी (मेघे) लगतच्या वर्ध्यात 20 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीचा सोहळा झाला. चांभारकाम, टोपल्या-झाडू बनविणे, धोबीकाम असे 18 परंपरागत व्यवसाय. प्रशिक्षणकाळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये. कारागिराला मदत मिळावी, यात वाद नाही. परंतु 'गुरू-शिष्य परंपरा' आणि घराण्यातील पिढीजात कौशल्य बळकट करणे हाच योजनेचा घोषित हेतू आहे. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणे, हीच तर जातिव्यवस्था!

बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांसाठी तांत्रिक शिक्षणाची मागणी केली, ती या गळफासातून सुटण्यासाठीच. शिकाऊ उमेदवार कायदा, 1961 मधील कलम 3-अ त्याच वाटेवरचे आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी, राज्यातील त्यांची लोकसंख्या लक्षात घेऊन, मालकाने शिकाऊ जागा राखून ठेवल्याच पाहिजेत, असे हे कलम सांगते. खाजगी कारखानदारही यातून सुटत नाही. ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

2016 पासून केंद्र सरकार शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनाचा 25 टक्क्यांपर्यंतचा भार ठरावीक मर्यादेत उचलते. म्हणजे जनतेचा पैसा मालकाच्या कामी येतो. मग कलम 3-अ चा हिशेब त्याने द्यायला नको काय?

तो आपणच मागितला पाहिजे. आयटीआय झालेल्या आपल्या मुलामुलींनी माहिती अधिकारात अर्ज करावा : जिल्ह्यातील कोणत्या आस्थापनेने किती शिकाऊ घेतले, सरकारकडून किती पैसे उचलले, राखीव जागा किती भरल्या? अनुदान घेता, तर आरक्षणही पाळा! जयभीम.