कोंबडा निवडताना तुरा पाहा, पण वंशही पारखा



आषाढ जवळ आला की आठवडे बाजारात गावरान कोंबड्याची मागणी वाढते. कुणी तांबडाच मागतो, कुणाला काळाच हवा असतो. म्हणजे तुरा आणि पीस हा नुसता हौसेचा भाग नाही. परसातल्या दहा-बारा कोंबड्यांवर घरच्या बाईचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो. तिच्या दृष्टीने हा रोकड पैसा आहे. पण नुसते रूप पाहून नर ठेवला तर पिल्ले त्याच्यासारखीच निघतील असे नाही. का, ते पाहू.

तुऱ्याचे मुख्य प्रकार चार. करवतीच्या दात्यांसारखा उभा तो एकेरी. आपल्या बहुतेक गावरान कोंबड्यांचा व व्हाइट लेगहॉर्नचा तुरा असा असतो. असीलच्या डोक्यावर तीन बुटक्या ओळींचा वाटाणा तुरा असतो. रुंद, खरखरीत व मागे टोक निघालेला तो गुलाब तुरा. शुद्ध गुलाब व शुद्ध वाटाणा यांच्या संकरातून अक्रोडासारखा गोळा, म्हणजे अक्रोडी तुरा निघतो. मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवर शोधलेले आनुवंशाचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे इंग्लंडच्या बेटसन यांनी १९०२ साली कोंबड्यांच्या तुऱ्यावरूनच दाखवले.

गुलाब आणि वाटाणा हे दोन्ही तुरे एकेरीवर वरचढ असतात. त्यामुळे गुलाब तुऱ्याच्या नराच्या अंगात एकेरीचे बीज दडलेले असू शकते. कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही. तसे हे बीज पुढच्या पिढीत बाहेर येतेच. उलट आई-बाप दोघेही एकेरी तुऱ्याचे असतील, तर पिल्ले एकेरी तुऱ्याचीच निघतात.

नर शुद्ध आहे की नाही याची परीक्षा घरी करता येते. त्याला एकेरी तुऱ्याच्या तीन-चार कोंबड्यांबरोबर वेगळा कोंडा. आधीच्या नराचा अंश कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे राहतो, म्हणून तीन आठवड्यांनंतरचीच अंडी रवणीला घाला. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतील. त्यांत एकही एकेरी तुऱ्याचे दिसले, तर नर मिश्र समजा. दहाच्या दहा गुलाब तुऱ्याची निघाली, तर नर शुद्ध मानायला हरकत नाही. मिश्र नराकडून असे घडण्याचा संभव १०२४ त एक एवढाच.

मात्र सगळा कळप गुलाब तुऱ्याचा करण्याच्या नादी लागू नका. दोन्हीकडून गुलाबाचे बीज आलेल्या नराची फलनशक्ती कमी असते व रवणीत वांझ अंडी जास्त निघतात. आपल्या कडक उन्हाळ्यात एकेरी तुरा मुळीच कमी नाही. मोठ्या तुऱ्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते.

आता पिसांविषयी. काळ्या रंगाने फसगत फार होते. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि काळ्या कोंबड्यांचे भाव चढले. पण काळे पीस संकरातही उतरते. म्हणून कडकनाथ घेताना पिसे बाजूला सारून कातडी पाहा, जीभ पाहा, पाय पाहा. तुरा जांभळट-काळसर असावा. तुरा लालभडक आणि कातडी पांढरी असेल, तर कडकनाथचा भाव देऊ नका.

पिसांचा एक चांगला उपयोगही आहे. आडव्या पट्ट्यांच्या प्लायमाउथ रॉक कोंबड्यांवर शुद्ध काळा नर सोडला, तर नर पिल्लांच्या डोक्यावर जन्मतःच पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. नर कोणते आणि तलंगा कोणत्या, हे पहिल्याच दिवशी कळते.

गिरिराज, वनराज हे पक्षी संकरित आहेत. त्यांची अंडी उबवून एकसारखी पिल्ले मिळत नाहीत. दर वेळी नवी पिल्ले आणावी लागतात.

तेव्हा निवडीचा क्रम असा ठेवा. आधी आरोग्य, मग जास्त अंडी देणाऱ्या, नीट रवण करून पिल्ले जगवणाऱ्या कोंबडीचा वंश, आणि शेवटी तुरा व पीस. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरे. बापाखाली लेकी राहू नयेत म्हणून दर वर्षी नर बदला. बाजारातून आणलेला नर तीन आठवडे वेगळा ठेवा, नाहीतर त्याच्याबरोबर मानमोडी खुराड्यात शिरेल.

एक साधी वही करा. कोणत्या कोंबडीची, कोणत्या नराची, किती अंडी बसवली, किती पिल्ले निघाली, तुरे कसे, एवढेच लिहा. मुलांना हे काम आवडते. अडले तर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रे आपल्याच जिल्ह्यात आहेत. जाताना वही बरोबर न्या. तुमचा प्रश्न निम्मा तिथेच सुटेल.