श्रद्धा कोणत्या रकान्यात?

आपल्या संतपरंपरेत व्यापाऱ्याला मान आहे. मात्र तो बहुधा व्यापार सुटल्यावर मिळतो. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपण जितक्या आदराने सांगतो, तितक्या आदराने त्यांच्या दुकानदारीविषयी बोलत नाही. युरोपातही फारसे वेगळे घडलेले नाही. असिसीचा फ्रान्सिस हा कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने वडिलांच्या संपत्तीवर पाणी सोडले आणि तेथून त्याचे संतचरित्र सुरू होते. दोन्हीकडच्या भाविक मनात एक समजूत घट्ट रुजली आहे की, देव आणि धंदा एका घरात सुखाने नांदत नाहीत. ज्याला धंदा सोडवत नाही त्याने निदान दानधर्म करावा, एवढीच काय ती तडजोड.

या तडजोडीला कॅथॉलिक चर्चच्या सामाजिक शिकवणुकीने गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत जे उत्तर दिले आहे, ते ख्रिस्ती नसलेल्या वाचकानेही तपासून पाहण्याजोगे आहे. १८९१ मध्ये तेरावे लिओ या पोपनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्र काढले. खासगी मालमत्तेचा हक्क त्यांनी मान्य केला, समाजवाद नाकारला. पण त्याच लेखणीने मालकाला बजावले की, कामगाराने नाइलाजाने कबूल केले म्हणून तुटपुंजे वेतन न्याय्य ठरत नाही. पुढच्या पोपनी या विचारात आपापली भर घातली. २०१२ मध्ये व्हॅटिकनच्या न्याय व शांती परिषदेने तर खास उद्योजकांसाठी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकाचे मराठी करायचे तर ‘उद्योगनेत्याचे पाचारण’ असे होईल.

‘पाचारण’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. एरवीच्या मराठीत पाचारण म्हणजे बोलावणे. आग लागली की आपण अग्निशमन दलाला पाचारण करतो. मराठी ख्रिस्ती समाजात मात्र या शब्दाला देवाच्या हाकेचा अर्थ आहे, आणि तो प्रामुख्याने धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होऊ इच्छिणाऱ्यांच्या संदर्भात वापरला जातो. कारखाना चालवणे हेही पाचारण असू शकते, असे म्हटले की उद्योजकाची प्रतिष्ठा वाढते हे खरे. पण त्याबरोबर त्याची पळवाटही बंद होते. रविवारच्या मिस्सेला एक माणूस आणि सोमवारच्या कचेरीत दुसरा, अशी वाटणी त्याला करता येत नाही. या दुभंगलेल्या जगण्याकडेच त्या पुस्तिकेने बोट दाखवले आहे.

तत्त्व कागदावर शोभते, माणूस दाखवा, असे कोणी म्हणेल. अर्जेंटिनातील एन्रिके शॉ (१९२१–१९६२) यांचे चरित्र इथे उपयोगी पडते. नौदलातील अधिकारपद सोडताना त्यांना साधा कामगार व्हायचे होते. उद्योजक म्हणून तुम्ही कामगारांचे अधिक भले करू शकाल, असा सल्ला त्यांना एका धर्मगुरूंनी दिला. पुढे रिगोलो या काचसामानाच्या कंपनीत ते प्रमुख व्यवस्थापकाच्या पदापर्यंत पोहोचले. १९५२ मध्ये त्यांनी ख्रिस्ती उद्योजकांची संघटना स्थापन केली. १९६१ मध्ये कंपनीवर वर्चस्व असलेल्या अमेरिकी भागधारकांकडून सुमारे बाराशे कामगारांना कमी करण्याचा आग्रह सुरू झाला. शॉ यांनी कपातीशिवाय निभावून नेण्याची योजना मांडली आणि कामगारांना काढणार असाल तर मीही राहणार नाही, अशी भूमिका घेतली. तेव्हा कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. त्यांना रक्ताची गरज पडली तेव्हा अडीचशेहून अधिक कामगार रक्त देण्यासाठी पुढे आले. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘पूजनीय’ घोषित केले. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी होय. ताळेबंद वाचणारा, नऊ मुलांचा बाप असलेला व्यवस्थापक त्या पायरीवर उभा राहिला, याचे महत्त्व कमी नाही.

आपल्या जुन्या पेढीवरची चोपडी आठवून पाहा. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि ‘शुभ लाभ’ असते. खाली कोठेतरी धर्मादायाची रक्कम असते. श्रद्धेने चोपडीचा माथा आणि तळ व्यापलेला असतो. मधल्या आकड्यांचे सारे रकाने मात्र बाजाराच्या हवाली केलेले असतात. शॉ यांची श्रद्धा या मधल्या रकान्यांत उतरली, तीही तोट्याच्या वर्षी. नफ्याच्या वर्षी उदार होण्यास श्रद्धा लागत नाही, सुस्थिती पुरते. तोटा कोणाच्या नावे मांडायचा, हे ठरवण्याची वेळ येते तेव्हाच मालकाचा देव कोणता ते कळते.

तरीही शॉ यांच्या उदाहरणावर एक आक्षेप रास्तच आहे. ते भले होते म्हणून कामगार तरले. त्यांच्या जागी दुसरा असता तर? बाराशे कुटुंबांचे भवितव्य एका माणसाच्या विवेकावर टांगलेले असणे, हीच मुळात अन्यायाची स्थिती नव्हे काय? या प्रश्नाला दुसऱ्या एका कॅथॉलिक माणसाने संस्थेच्या रूपाने उत्तर दिले. स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागोन या गावी १९४१ मध्ये होसे मारिया अरिस्मेंदियारिएता हे तरुण धर्मगुरू आले. १९४३ मध्ये त्यांनी तंत्रशाळा काढली. १९५६ मध्ये त्यांच्या पाच विद्यार्थ्यांनी स्टोव्ह बनवणारा कारखाना सुरू केला आणि त्यातून कामगारांच्याच मालकीच्या सहकारी संस्थांचे जाळे उभे राहिले. भांडवल कितीही असो, सभासदाला मत एकच. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या वेतनात सुरुवातीला तीनास एकहून अधिक अंतर नव्हते. मालकाने दयाळू असावे, ही अपेक्षाच इथे उरली नाही. कामगारच मालक झाला.

पण संस्था उभारली म्हणजे प्रश्न कायमचा सुटतो, असेही नाही. मोंद्रागोन समूहातील फागोर ही घरगुती उपकरणांची मोठी संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या अनेक सभासदांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतले. याला संस्थेच्या पायाभरणीचे फळ म्हणावे लागेल. त्याच वेळी या समूहाच्या परदेशातील कारखान्यांत काम करणारे बहुतेक लोक मात्र सभासद नसून केवळ नोकरदार राहिले. आपल्या गावापुरती समता आणि बाहेरच्यांसाठी बाजाराचा नियम, ही वाटणी पुन्हा तीच जुनी दुभंगलेली वृत्ती आहे. शॉ यांच्यापाशी विवेक होता, पण त्यामागे रचना नव्हती. मोंद्रागोनपाशी रचना आहे. तिच्यात विवेक पुन्हा पुन्हा ओतावा लागतो. माझ्या मते दोन्ही लागतात, आणि श्रद्धेचे काम हे दुसरे, न संपणारे काम आहे.

हा विचार आपल्याला सर्वस्वी परका नाही. वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिक समाजाने १९१८ साली पतपुरवठ्यासाठी उभी केलेली सहकारी संस्था आज ‘बॅसीन कॅथॉलिक बँक’ या नावाने ओळखली जाते. भाविकांनी एकत्र येऊन केवळ प्रार्थनामंदिर बांधण्यावर न थांबता पतही बांधावी, ही कल्पना तिच्यामागे आहे. याउलट, आपल्या बाजारपेठांत एके काळी अडते शेतकऱ्याच्या हिशेबातून ‘धर्मादाय’ म्हणून पैसे कापून घेत. पैसा शेतकऱ्याचा, पुण्य अडत्याचे! श्रद्धा आणि व्यापार यांची सांगड घालण्याच्या या दोन रीती आहेत. दोन्हींना धर्माचेच नाव आहे, म्हणून फरक नावाने कळत नाही. हिशेब उघडून पाहावा लागतो.

आणि तो फक्त कारखानदारांचाच उघडावा असे नाही. संतमहात्म्यांच्या तसबिरी लावणाऱ्या, दिवसाची सुरुवात प्रार्थनेने करणाऱ्या शिक्षणसंस्था आपल्याभोवती आहेत. तेथे पात्रताधारक अध्यापक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात आणि त्यांनी ते ‘मान्य’ केले आहे, असे सांगितले जाते. १८९१ च्या त्या परिपत्राने नेमका हाच युक्तिवाद फेटाळला होता. संस्था चर्चची असो, मठाची असो की समाजसुधारकांचा वारसा सांगणारी असो, हा प्रश्न तिला चुकत नाही.

उद्योजकाच्या धार्मिकतेचे कौतुक आपल्याकडे सहज होते. त्याने कोठे किती देणगी दिली, कोणते व्रत पाळले, हे आवर्जून सांगितले जाते. कौतुक जरूर करावे. मात्र त्याआधी एवढेच विचारावे की, धंद्याला वाईट वर्ष आले तेव्हा त्याने सर्वांत आधी कोणाच्या ताटातले कमी केले?