रिकाम्या छायाचित्रांचा इतिहास

१/ खगोलशास्त्राच्या पुस्तकांत २८ फेब्रुवारी १९९७ ही तारीख ठळकपणे नोंदवलेली असते. त्या रात्री कॅनरी द्वीपसमूहातील ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीने एका गॅमा-किरण स्फोटाच्या मागे रेंगाळणारा दृश्य प्रकाश टिपला. जवळपास पाव शतकाचा शोध त्या एका छायाचित्राने संपला, असे सांगितले जाते. हे सांगणे खोटे म्हणता येत नाही, पण ते अपुरे आहे. #थ्रेड

२/ आकाशाच्या त्याच तुकड्याचे दुसरे छायाचित्र ८ मार्च रोजी घेतले गेले. पहिल्यात दिसलेला अंधुक ठिपका त्यात नव्हता. तो नव्हता म्हणूनच पहिल्या छायाचित्राला अर्थ आला. या शोधाचा इतिहास लिहिताना अशा रिकाम्या छायाचित्रांना तळटीपेत ढकलणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय ते इतिहास म्हणूनही चुकीचे आहे. त्याची कारणे पुढे क्रमाने.

३/ सुरुवात शीतयुद्धात होते. १९६३ च्या अंशतः अणुचाचणीबंदी कराराने वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुस्फोट करण्यास मनाई केली. करार कोणी गुपचूप मोडत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ उपग्रह सोडले. अणुस्फोटातून निघणारे गॅमा किरण टिपणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते.

४/ २ जुलै १९६७ रोजी वेला उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झोत नोंदवला. त्याचा आकृतिबंध अणुस्फोटासारखा नव्हता. लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन यांना ही नोंद १९६९ मध्ये जुन्या आकडेवारीचे कागद तपासताना सापडली. म्हणजे या विषयाचा पहिला शोधही आकाशाकडे पाहून लागला नाही. तो दप्तर चाळून लागला.

५/ येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘अमेरिकी लष्कराने हा शोध वर्षानुवर्षे दडवून ठेवला’ ही कथा फार लोकप्रिय आहे. क्लेबेसाडेल यांनी स्वतः सहलेखक म्हणून लिहिलेल्या इतिहासात या माहितीवर गोपनीयतेचा शिक्का नव्हता असे स्पष्ट केले आहे. उशीर झाला तो खात्री करून घेण्यात. अनेक उपग्रहांवरील नोंदींच्या वेळांमधील सूक्ष्म फरकावरून झोताची दिशा काढून सूर्य आणि पृथ्वी हे उगम नाहीत हे आधी सिद्ध करावे लागले. १६ स्फोटांचा अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

६/ स्फोट होतात हे कळले, पण कुठे होतात? गॅमा किरण आरशाने किंवा भिंगाने सहज एकवटता येत नाहीत, त्यामुळे दिशा ढोबळच कळते. अंतर तर त्यांतून कळतच नाही. अंतर मोजायचे तर दृश्य प्रकाशाचा वर्णपट हवा, वर्णपटासाठी नेमकी जागा हवी आणि नेमक्या जागेसाठी स्फोटामागे काहीतरी चमकत राहायला हवे. ते ‘काहीतरी’ म्हणजे आफ्टरग्लो, स्फोटानंतर उरणारा आणि हळूहळू विझत जाणारा उजेड.

७/ अवकाशात दूर पांगलेल्या अनेक यानांच्या नोंदी जुळवून जागा बरीच अचूक काढता येत असे. पण सगळ्या यानांची माहिती गोळा होऊन गणित पुरे होईपर्यंत दिवस, आठवडे, कधी महिने लोटत. दुर्बीण त्या जागी वळेपर्यंत तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नसे. छायाचित्रे येत, रिकामी येत आणि कपाटात जात.

८/ मग काहींनी उलट्या दिशेने शोध घेतला. हार्वर्ड वेधशाळेकडे काचेवर घेतलेल्या जुन्या छायाचित्रांचा प्रचंड संग्रह आहे, सुमारे पाच लाख काचांचा. त्या काळी अनेकांचे मत असे होते की हे स्फोट आपल्याच आकाशगंगेतील न्यूट्रॉन ताऱ्यांवर होत असावेत आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा होत असावेत. तसे असेल तर जुन्या काचांवर आधीच्या चमकेची खूण सापडायला हवी.

९/ १९८१ मध्ये ब्रॅडली शेफर यांनी अशी एक खूण जाहीर केली. नोव्हेंबर १९७८ मधील एका स्फोटाच्या जागी १९२८ च्या काचेवर एक चमक दिसत होती. पुढे अशा खुणांबद्दल वाद झाला. काचेवरील दोषही ताऱ्यासारखे दिसू शकतात, असा आक्षेप घेतला गेला. आज त्या खुणेचा आणि त्या स्फोटाचा संबंध मानला जात नाही.

१०/ इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. दप्तरात काय सापडते हे पुष्कळदा काय सापडावे अशी अपेक्षा आहे यावर ठरते. शेफर यांची पद्धत शिस्तशीर होती. डळमळीत होते ते तिच्यामागचे गृहीतक. तरीही काचा जपलेल्या होत्या, म्हणून दावा करता आला आणि तो पुन्हा तपासताही आला.

११/ एप्रिल १९९१ मध्ये कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली. तिच्यावरील ‘बॅट्सी’ हे उपकरण दिवसाला सरासरी एक स्फोट नोंदवू लागले. लवकरच दिसून आले की स्फोट आकाशात सर्व दिशांना सारखे विखुरले आहेत, आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची दाटी नाही. पण बॅट्सीने दाखवलेली जागा काही अंश चुकू शकत असे. पूर्ण चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, हे लक्षात घेतले म्हणजे अडचण कळते. मोठ्या दुर्बिणीने एवढा भाग धुंडाळणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून शेत न्याहाळणे.

१२/ २२ एप्रिल १९९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये जाहीर वादसभा भरली. विश्वाच्या विस्ताराविषयी शॅप्ली आणि कर्टिस यांच्यात १९२० साली झालेल्या प्रसिद्ध वादाला ७५ वर्षे झाल्याचे ते निमित्त होते. बोहदान पाचिन्स्की म्हणाले, स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर आहेत. डोनाल्ड लॅम्ब म्हणाले, ते आपल्या आकाशगंगेभोवतीच्या विस्तृत प्रभामंडळात आहेत. दोघांजवळही उत्तम युक्तिवाद होते. एकाही स्फोटाचे मोजलेले अंतर मात्र कोणाजवळच नव्हते.

१३/ याच काळात काही जण वेगळ्या वाटेने प्रयत्न करीत होते. बॅट्सीची सूचना काही सेकंदांत संगणकाने वेधशाळांना पोहोचवणारी यंत्रणा १९९३ पासून उभी राहिली. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे मूळ लष्करी संशोधनासाठी बनवलेला रुंद नजरेचा कॅमेरा ‘ग्रॉक्सी’ या प्रकल्पात लावला गेला. सूचना येताच तो आपोआप वळे आणि छायाचित्रे घेई. १९९४ ते १९९६ या काळात त्याला एकाही स्फोटाचा दृश्य प्रकाश दिसला नाही.

१४/ एप्रिल १९९६ मध्ये इटली आणि नेदरलँड्स यांचा ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रह कक्षेत गेला. त्याचे वैशिष्ट्य असे की गॅमा किरणांची नोंद घेणारे उपकरण आणि रुंद नजरेचे क्ष-किरण कॅमेरे त्याच्यावर एकत्र होते. स्फोट कॅमेऱ्याच्या नजरेत आला तर काही तासांत जागा कळे, आणि तीही पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या सुमारे पाचव्या भागापर्यंत अचूक. शिवाय उपग्रहाला वळवून अधिक तीक्ष्ण क्ष-किरण दुर्बिणी त्या जागेवर रोखता येत.

१५/ २८ फेब्रुवारी १९९७. जागतिक वेळेनुसार पहाटे २ वाजून ५८ मिनिटांनी मृग तारकासमूहाच्या दिशेने स्फोट झाला. सुमारे आठ तासांत उपग्रहाने तेथे क्ष-किरणांचा नवा उगम पाहिला. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये यान फान पॅराडाइस यांच्या गटातील टायटस गालामा आणि पॉल ग्रूट या दोन संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रयत्नांतून ला पाल्मावरील ४.२ मीटर व्यासाच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने स्फोटानंतर सुमारे २१ तासांनी छायाचित्रे घेतली.

१६/ त्या छायाचित्रांत असंख्य ठिपके होते. त्यांतला कोणता आपला? ८ मार्चला पुन्हा छायाचित्र घेतले गेले आणि दोन्ही शेजारी ठेवली गेली. एक ठिपका नाहीसा झाला होता. पहिल्या रात्री त्याची प्रत सुमारे २१ होती, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधुक ताऱ्याहूनही तो सुमारे दहा लाख पट अंधुक होता. इटलीतील दुर्बिणीनेही तो भाग काही तास आधी टिपला होता. शोधाचा मान मात्र ज्यांनी दोन छायाचित्रे ताडून पाहून मावळणे ओळखले व जाहीर केले त्यांच्याकडे गेला, आणि ते रास्तच होते.

१७/ पुढचे उत्तर दोन महिन्यांत आले. ८ मे १९९७ च्या स्फोटाचा आफ्टरग्लो सापडला आणि ११ मे रोजी हवाई बेटावरील १० मीटर व्यासाच्या केक दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. वाटेतील वायूतल्या लोह व मॅग्नेशियमच्या रेषांची ताम्रसृती ०.८३५ निघाली. म्हणजे तो प्रकाश निदान सुमारे ७ अब्ज वर्षे प्रवास करून आला होता. पाचिन्स्की बरोबर ठरले.

१८/ कॅलटेकच्या त्या चमूत कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णीही होते. मराठी वाचकाला याचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या शोधनिबंधावर पहिले नाव मार्क मेट्झगर यांचे आहे आणि त्यांच्यामागे अनेकांची नावे आहेत. एका नायकाची कथा रचण्याचा मोह मराठी लेखनाने तरी येथे आवरावा.

१९/ मग १९९७ मध्ये नेमके काय बदलले? ४ मीटरच्या दुर्बिणी १९७० च्या दशकातही होत्या. बदलला तो बातमी आणि नजर यांमधला वेळ, आणि सोबत जागेची अचूकता. आफ्टरग्लोचा ढोबळ नियम असा की स्फोटापासूनचा वेळ दुप्पट झाला की तेज साधारण निम्मे होते. एका तासाने पाहणाऱ्याला एका दिवसाने पाहणाऱ्यापेक्षा सुमारे २४ पट उजेड मिळतो. येथे उशिराची भरपाई आरशाचा आकार फार काळ करू शकत नाही.

२०/ याचा पुरावा २३ जानेवारी १९९९ रोजी मिळाला. लॉस अलामॉस येथील ‘रोट्सी’ या यंत्राने स्फोट सुरू झाल्यावर २२ सेकंदांत छायाचित्र घेतले. यंत्र म्हणजे कॅमेऱ्याच्या चार टेलिफोटो लेन्स. स्फोटाचा उजेड नवव्या प्रतीपर्यंत पोहोचला होता. साध्या द्विनेत्रीतूनही तो दिसला असता! आणि रोट्सी आले कुठून? ज्याला काहीच दिसले नव्हते, त्या ग्रॉक्सीच्या अनुभवातून.

२१/ यावर आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी घेतलेली छायाचित्रे रिकामी येणारच. त्यांनी सिद्ध काय केले? पुष्कळांनी काहीच नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक अपयशाला ‘यशाची पायरी’ म्हणणे ही सुभाषितांची सवय आहे, इतिहासलेखनाची नव्हे.

२२/ म्हणून रिकाम्या छायाचित्रांतही भेद करावा लागतो. ‘काही दिसले नाही’ एवढीच नोंद निरुपयोगी आहे. ‘स्फोटानंतर इतक्या सेकंदांनी, इतक्या भागात, अमुक प्रतीपर्यंत पाहिले आणि दिसले नाही’ ही नोंद मात्र पुरावा आहे. ग्रॉक्सीच्या चमूने अशाच मर्यादा प्रसिद्ध केल्या. पुढच्या यंत्राने किती अंधुक पाहिले पाहिजे हे त्यांवरून ठरवता येत होते.

२३/ कधी न दिसणे हेच उत्तर असते. २३ एप्रिल २००९ च्या स्फोटाचा आफ्टरग्लो दृश्य प्रकाशात सापडेना, अवरक्त किरणांत मात्र तो स्पष्ट दिसला. अतिदूरच्या उगमाचा दृश्य प्रकाश वाटेतील हायड्रोजन गिळून टाकतो. ताम्रसृती सुमारे ८.२ निघाली; तो प्रकाश सुमारे १३ अब्ज वर्षे जुना होता. दृश्य प्रकाशातील काळोखाने येथे अंतराची वर्दी दिली.

२४/ या कथेत भारताचे स्थानही वेळेच्याच हिशेबातून येते. युरोपातील रात्र सुरू होण्याआधी भारतात अंधार पडलेला असतो, म्हणून विझत्या उजेडाच्या नोंदीतील काही तासांची पोकळी येथूनच भरता येते. १९९९ च्या त्याच स्फोटाचा आफ्टरग्लो नैनितालच्या सुमारे एक मीटरच्या दुर्बिणीने मोजला. आज लडाखमधील हानले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ०.७ मीटरची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण हेच काम करते. आकाराने ती लहान आहे, पण वेळेवर वळते.

२५/ प्रश्न केवळ श्रेय कोणाला द्यावे एवढ्यापुरता नाही. विज्ञानाचा इतिहास केवळ सापडलेल्या गोष्टींची यादी म्हणून शिकवला, तर पहिल्या दोन-तीन वर्षांत काही न सापडलेला तरुण संशोधक स्वतःला इतिहासाबाहेरचा समजू लागतो. संस्थाही मग अशाच प्रकल्पांना पैसा देतात ज्यांचे उत्तर आधीच दिसत असते. काचा फेकल्या जातात, कोऱ्या नोंदी पुसल्या जातात आणि पुढच्या पिढीला ताडून पाहण्यासाठी काही उरत नाही.

२६/ यापुढे २८ फेब्रुवारीचे ते छायाचित्र कोठे छापलेले दिसले, तर त्याच्या शेजारी ८ मार्चचे आहे का, हे पाहावे. नसेल तर त्या पानावर अर्धाच शोध छापला आहे. (समाप्त)