नोंद कोणी घ्यायची?

शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वर्दी येते, बंदूक येते आणि २६ जानेवारीचे पदक येते. त्यात वावगे काही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी पकडली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही, म्हणून तो जिवंत हाती लागला. ओंबळे यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते मिळायलाच हवे होते.

पण त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या. त्यांच्या कक्षात २० गरोदर बाया. खाली गोळीबार सुरू होताच त्यांनी दारे लावून घेतली आणि सगळ्या बायांना कक्षाच्या टोकाच्या लहानशा खोलीत हलवले. एकीच्या कळा सुरू झाल्या, तर तिला तशा अवस्थेत भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात नेले. बाळ सुखरूप जन्मले. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे कुलथेताईंनी ही हकिकत सांगितली आणि जगाने ऐकली. त्याच रुग्णालयाचे पहारेकरी बबन उघडे आणि भानू नारकर त्या रात्री ड्युटीवर मारले गेले. ही दोन नावे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? आम्हालाही ती फार उशिरा कळली, हे कबूल केले पाहिजे.

आता वांगणीचे उदाहरण घ्या. १७ एप्रिल २०२१. आंधळी आई आपल्या लहान मुलाला घेऊन फलाटावरून चालली होती. पोरगे तोल जाऊन रुळावर पडले. आईला ते दिसेना, ती नुसती हाताने चाचपत राहिली. समोरून उद्यान एक्स्प्रेस भरधाव येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके ड्युटीवर होते. ते रुळावरून थेट गाडीच्या दिशेने धावले, पोराला उचलून फलाटावर टाकले आणि स्वतः वर चढले. मागोमाग गाडी निघून गेली. रेल्वेने ५० हजार रुपये बक्षीस दिले, त्यातली निम्मी रक्कम शेळके यांनी त्या मायलेकांना देऊ केली. एका कंपनीने मोटारसायकल दिली. देशभर कौतुक झाले.

ते का झाले? माणूस मोठ्या मनाचा होता हे तर खरेच. पण फलाटावर कॅमेराही होता. कॅमेरा नसता तर?

कॅमेरा नसता तर काय होते, ते आम्ही पाहिले आहे. आम्ही पेशाने कारकून. २०१४ साली आपल्याच शहरातल्या एका कार्यालयात आमचे टेबल होते. एके दुपारी जिन्याखालच्या मीटरने पेट घेतला. कामाला आलेली म्हातारी माणसे जिन्यावर बसलेली. धुराने कोणाला काही दिसेना, आम्ही सगळे मागच्या दाराने बाहेर पळालो. हो, आम्हीसुद्धा. आमचा एक शिपाई मात्र उलटा आत गेला. लाकडी दांड्याने मेन स्विच पाडला आणि एका आजीबाईला पाठीवर घेऊन बाहेर आला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. घाटीत कित्येक दिवस काढले.

पुढे त्याच्या रजेची फाइल आमच्याच टेबलावर आली. वैद्यकीय प्रमाणपत्रात पहिले दोन दिवस धरलेले नव्हते. आम्ही नियमाप्रमाणे शेरा मारला, "दोन दिवसांचा खुलासा सादर करावा." त्याने डाव्या हाताने अर्ज लिहून दिला. दोन दिवस बिनपगारी झाले. सेवापुस्तकात आमच्या अक्षरात रजेची नोंद आहे. आगीची नाही. साहेबांनी लिहायला सांगितले नाही, आणि आम्हालाही सुचले नाही. सुचले नाही म्हणण्यापेक्षा, शिपायाच्या कामाची टिपणी लिहायची असते असे आम्हाला वाटलेच नाही.

नंतर कळले की केंद्र सरकारची जीवन रक्षा पदके १९६१ पासून आहेत. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा अशा तीन पायऱ्या. बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला, विजेचा धक्का बसलेल्याला, दरडीखालच्याला वाचवणाऱ्या कोणाही सामान्य माणसासाठी. पोलीस आणि अग्निशामक दलाच्या माणसाला ते ड्युटीबाहेरच्या कामासाठीच मिळते, कारण त्यांची पदके वेगळी आहेत. शिपाई, वायरमन, सफाई कामगार यांना अशी आडकाठी नाही. पण शिफारस राज्य सरकारकडून जावी लागते आणि घटना साधारण दोन वर्षांच्या आतली असावी लागते. आम्ही हे वाचले तेव्हा पाच वर्षे उलटून गेली होती.

त्याच्या घरी जाऊन आम्ही हे सांगितले. तो हसला. म्हणाला, "भाऊसाहेब, हात चालतोय ना, बस झालं." वहिनी मात्र हसल्या नाहीत. "ते दोन दिवसाचे पैसे कापले, तेवढं तरी लिहिलं असतं का कापले म्हणून," एवढेच त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा आम्हाला गिळवेना.

म्हणून आता आम्ही वस्तीच्या वाचनालयात एक वही ठेवली आहे. आपल्या घरातला, गल्लीतला कोणी नालीत उतरून, खांबावर चढून, पुराच्या पाण्यात शिरून दुसऱ्याचा जीव वाचवत असेल, तर त्याच आठवड्यात या. तारीख, वेळ, ठिकाण, दोन साक्षीदारांची नावे आणि दवाखान्याचा केसपेपर असेल तर त्याची झेरॉक्स घेऊन या. जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा अर्ज आम्ही लिहून देऊ. आम्ही रविवारी सकाळी दहा ते बारा तेथे असतो. पहिल्या पानावर २०१४ सालच्या त्या आगीची हकिकत लिहिली आहे. पदकासाठी तिचा आता उपयोग नाही. वहिनींनी ती आपल्या नातीकडून मोठ्याने वाचून घेतली आणि एक चूक काढली. आजीबाईला त्याने पाठीवर नव्हे, दोन्ही हातांवर उचलून आणले होते. ते आम्ही दुरुस्त केले.